‘तिला सांग’वाला उन्हाळा

आमच्या घरात किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. फ्रीजमध्ये कालच्या भाजीचे डबे साठतात ना, तसे. कोणी एक किस्सा काढला की चार जण एकदम बोलायला लागतात आणि मूळ सांगणारा बिचारा पाणी प्यायला निघून जातो! म्हणून म्हटलं, या उन्हाळ्याचे किस्से मीच सांगते. नाहीतरी सगळ्यांत माझाच घसा बसलाय.

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर काही कळायचं नाही.

नाना म्हणजे माझे सख्खे काका. डोंबिवलीजवळच्या आमच्या गावात राहतात. आता गाव कसलं म्हणा, चारी बाजूंनी टॉवर आहेत, मधे आमचे बंगले. मधुरा, म्हणजे मधू, ही नानांची एकुलती एक मुलगी. तिने बंगळुरूला परस्पर कोर्टात लग्न केलं आणि फोन करून सांगितलं. तेव्हापासून नाना तिच्याशी बोलत नव्हते.

तुम्हाला वाटेल, जावई पसंत नव्हता. छे! जावयाचं नाव निघालं की नाना म्हणायचे, ‘पोरगा चांगला हाय, नाव ठेवायला जागा नाय.’ नानांचं दुखणं वेगळं होतं. हळद! आम्हा आगऱ्यांत लग्नाला नाही आलात तर चालेल, पण हळदीला यायलाच पाहिजे. रात्रभर बेंजो, मटण, नाच. नाना अख्ख्या पंचक्रोशीच्या हळदींत नाचलेत. ‘मी सगल्यांच्या दारान नाचलो. माझ्या दारान कोन नाचला?’ एवढंच म्हणायचे आणि उठून जायचे.

यंदा मधू पहिल्यांदाच महिनाभर राहायला आली, सहा वर्षांच्या इराला घेऊन. काकीने तिच्या बॅगा उतरायच्या आधी मला फोन केला. ‘स्वाती, घरान ठेवला तर हे दार लावून बसतील. यांना भायेर काढा. रानान, नदीवर, कुठंपन. भायेर दार कुठून आननार?’

काय डोकं आहे बघा काकीचं! तर असा आमचा आउटडोअर उन्हाळा सुरू झाला.

*

पहिल्याच दिवशी सकाळी मी घोडबंदर रोडवरून गाडी घेऊन गावी गेलेले. अंगणात सगळे चहाला बसलेले. नाना इकडे, मधू तिकडे, मधे मी आणि बिस्किटांचा डबा.

नाना मला म्हणाले, ‘स्वाती, तिला सांग, ऊन लय हाय, पोरीला टोपी घाल.’

मी म्हटलं, ‘नाना, ती इथेच बसलीय.’

‘बसू दे. तू सांग.’

मी मधूकडे वळून सांगितलं. मधू म्हणाली, ‘ताई, त्यांना सांग, टोपी बॅगेत आहे.’

बाप तसा बेटी! मी काय कुरिअर कंपनी आहे? पण काकीने मागून माझा खांदा दाबला आणि हळूच म्हणाली, ‘बोलत हायेत ना? बोलू दे.’ मग काय, लागले कामाला.

*

येऊरला गेलेलो तेव्हाची गोष्ट. नाना जंगलात पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात चेन घालून आले. मी म्हटलं, ‘नाना, ट्रेकला चाललोय, साखरपुड्याला नाही.’ तर म्हणाले, ‘बिबट्या भेटला तं त्याला कलला पायजे, कोन आलाय.’

माझं वजन तुम्हाला माहीत आहे. पहिल्याच चढावर मी मागे पडले. काकी तर माझ्याही मागे. पुढे नाना, त्यांच्यापुढे मधू आणि इरा, आणि गेटपासून आमच्या मागे लागलेलं एक तपकिरी कुत्रं.

वाट घसरडी झाली. नानांनी मागे वळून पाहिलं. निरोप्या जागेवर नाही! इकडे तिकडे बघितलं. शेवटी ते कुत्र्याला म्हणाले, ‘तिला सांग रे, पोरीचा हात धर.’

कुत्र्याने शेपूट हलवलं. मधूने पुढे बघत बघतच इराचा हात धरला आणि कुत्र्याला म्हणाली, ‘धरलाय म्हणून सांग.’

मी खालून सगळं ऐकत होते. हसू का रडू तेच कळेना. त्या कुत्र्याला घरी परतताना नानांनी अख्खा ग्लुकोजचा पुडा घातला.

*

खडवलीच्या नदीवर जायचं म्हणजे आमच्याकडे लग्नाचं वऱ्हाड. तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, कोलंबीचं कालवण, आणि काकीने गॅसची छोटी शेगडीसुद्धा घेतलेली. म्हटलं, ‘काकी, शेगडी कशाला?’ ‘कालवण थंड झाला तं?’ बाहेर चाळीस डिग्री तापमान!

नाना पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दगडावर बसले. कडेच्या उथळ पाण्यात इरा थपाथपा हात मारत होती, पण पुढे काही सरकेना. नानांना राहवलं नाही. शर्ट काढला, चेन काकीकडे दिली, आणि उतरले पाण्यात. इराच्या पोटाखाली हात धरून म्हणाले, ‘पाय मार. मान वर. मी सोडत नाय.’

इराने विचारलं, ‘आजोबा, मम्माला पण तुम्हीच शिकवलं?’

मधू चार हातांवर पाण्यात उभी होती.

नाना म्हणाले, ‘व्हता असाच एक येडा.’

मधूने पटकन डुबकी मारली. चांगलीच लांब डुबकी होती. वर आली तेव्हा डोळे लाल होते, पण नदीच्या पाण्याने होतातच म्हणा.

*

आता माजिवडा नाक्याचा किस्सा. दोन गाड्या होत्या. नाना माझ्या गाडीत, मधू काकीला आणि इराला घेऊन मागच्या गाडीत. पुलाखाली असं ट्रॅफिक की माणसं गाडीतून उतरून लिंबूसरबत पिऊन परत गाडीत बसत होती. मधूची गाडी दिसेनाशी झाली. नानांची चुळबुळ सुरू.

‘फोन लाव तिला. सांग, डावीकरनं काढ.’

म्हटलं, ‘माझी चार्जिंग संपलीय. तुमच्या फोनवरून लावू? पण तिचा नवीन नंबर तुमच्याकडे कुठे असणार!’

नाना खिडकीबाहेर बघत घडाघडा दहा आकडे बोलले. एकदासुद्धा अडखळले नाहीत. स्वतःचा नंबर विचारला तर हेच नाना पाकिटातली चिठ्ठी काढतात!

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग नाना म्हणाले, ‘तुझी काकी सारखी फोन लावते. नंबर कानावर परतो.’

काकी फोन लावते ती नाव दाबून. तिला नंबर माहीतही नाही. मी नुसता हॉर्न वाजवला.

*

पण एक सांगते, हसत होतो तरी आतून सगळ्यांनाच धास्ती होती. महिना संपत आलेला. एका संध्याकाळी गच्चीवर वाळवणं गोळा करताना मधू मला म्हणाली, ‘ताई, मी या वेळी ठरवून आलेय. एकदा, फक्त एकदा बाबा मला नावाने हाक मारू देत. नाही मारली तर मी परत नाही येणार. इराला आता कळायला लागलंय. काल विचारत होती, आजोबांना तुझं नाव माहीत नाही का?’

मी पापड उचलत राहिले. मनात म्हटलं, देवा, या म्हाताऱ्याला जरा बुद्धी दे.

*

इरावरून आठवलं. खाडीवर फ्लेमिंगो बघायला गेलेलो, तेव्हा माझा घसा खरंच बसलेला. म्हणून नानांनी निरोपाचं काम इराला दिलं. पण ती पडली आजच्या काळातली मुलगी, निरोप जसाच्या तसा देईल कशाला?

नाना म्हणाले, ‘मम्माला सांग, पानी पी.’

इरा धावत गेली. ‘मम्मा, आजोबा म्हणतात पाणी पी. आणि तू आज खूप छान दिसतेस.’

नाना दचकले. ‘ए, मी असा कवा बोल्लो?’

इरा कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘मग काय, वाईट दिसते?’

नाना फ्लेमिंगोंकडे बघायला लागले. मधूकडे बघितलं. परत फ्लेमिंगोंकडे. त्यांच्या वडिलांनी त्याच खाडीकाठच्या मिठागरात जन्म काढला, पण इतका घाम त्यांनाही फुटला नसेल.

‘वाईट... तसा नाय,’ नाना म्हणाले.

इरा पळाली. ‘मम्मा! तसं नाही म्हणतात!’

काकी एवढी हसली, एवढी हसली की तिला धरून बसवावं लागलं.

*

मधू निघायच्या आदल्या दिवशी आम्ही आंबिवलीच्या पुढे आमच्या जागेवर गेलेलो. तिथे रायवळ आंब्याची पाच-सहा जुनी झाडं अजून आहेत. सकाळपासून कोणाचं कशात लक्ष नव्हतं. काकीने तर डब्यातल्या भाजीत मीठ घालायचं विसरून दाखवलं. नाना एका झाडाखाली बसून आंबे निवडून पेटीत गवतावर मांडत होते, बंगळुरूला न्यायचे म्हणून. प्रत्येक आंबा हुंगून बघत होते.

इराला नेमका शेंड्याकडचा पिवळा आंबा हवा होता. आंबे उतरवायच्या झेल्याचा बांबू तिथवर पोचेना. मधूने चपला काढल्या आणि जीन्स दुमडून सरळ झाडावर! लहानपणी ही माकडीण होती, पण आता बाई चाळिशीला आलीय. चढली मस्त. आंबा तोडून खाली टाकला. इरा तो आंबा घेऊन काकीबरोबर बोअरिंगच्या नळावर धुवायला गेली.

आणि मग मधूला उतरता येईना.

एक पाय खाली सोडायची, चाचपायची, परत वर घ्यायची. नाना पेटी सोडून झाडाखाली आले. मला म्हणाले, ‘स्वाती, तिला सांग, उजवा पाय खालच्या खांदीव टाक.’

आता माझी अवस्था ऐका. मी नुकताच एक आंबा अख्खा तोंडात घेऊन चोखत होते. बाठा आत, रस हनुवटीवर. मी नुसतं ‘अं अं’ केलं.

‘सांग ना!’

‘अं अं!’

तेवढ्यात फांदी कडाडली.

‘मधूऽऽ! हालू नको!’

नानांचा आवाज पूर्वी या वाडीतून रस्त्यापर्यंत पोचायचा म्हणतात. त्या दिवशी तो रेल्वे लाइनपर्यंत पोचला असणार. नळावरून काकी तशीच ओल्या हातांनी धावत आली. नाना दोन्ही हात वर करून झाडाखाली उभे होते.

मधूने वरच्या जाड फांदीला मिठी मारली. ती ठीक होती. मग वरून बारीक आवाज आला.

‘ताई, बाबांना सांग, ऐकू नाही आलं.’

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंडाकडे बोट दाखवलं. बाठा मी केव्हाच थुंकला असता, पण मुद्दाम काढला नाही!

नानांनी झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. वर बघितलं.

‘मधू.’

‘ताई, सांग ना त्यांना, नाही आलं ऐकू.’

‘मधू... खाली ये, बाय माझी. मी हाय इथं.’

पानं सळसळली. वरून नाक ओढल्याचा आवाज आला.

‘नाही आलं ऐकू, बाबा. अजून एकदा.’