हिरव्या काचांचं चित्र

रस्त्यात काही चमकलं की आमचे ड्रॉईंग मास्तर खाली वाकायचे. वस्तू उचलायची, तिच्यावर फुंकर मारायची, उन्हात धरून बघायची आणि सदऱ्याच्या खिशात टाकायची. सोडाबाटलीचं बूच, कौलाचा तुकडा, सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, त्यांना काहीही चालायचं. सोबतच्या माणसाने 'हे कशाला?' म्हटलं की उत्तर ठरलेलं होतं.

"विचारू नका. बघा."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. अशा माणसाला आपण पाठीमागे हसतो आणि समोर आला की चहा पाजतो. जामखेडच्या आमच्या शाळेत पोरं त्यांना भंगारमास्तर म्हणत. मी गणित शिकवायचो, म्हणून ते मला नुसतं 'गणित' म्हणत. आम्ही शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचो, दोघंही एकटे, आणि मधल्या पत्र्यातून त्यांच्या सरसाचा वास रात्रंदिवस माझ्याकडे यायचा. घरमालकाला वाटायचं की मास्तर खोलीत चामडं शिजवतात.

ते चित्र काढत नसत, बांधत असत. हार्डबोर्डवर आधी गोणपाट चिकटवायचं, त्यावर चाळलेली वाळू आणि विटेचा भुगा. मग गेरू, चुना, कपड्यांची नीळ, कंदिलाची काजळी. कुठे मेणबत्तीचं मेण सांडायचं आणि वरून रंग ओतायचा, म्हणजे रंग मेणावरून घरंगळून हवा तिकडे जातो. पिठाची खळ करताना त्यात मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. त्याने निळा झालेला हात घेऊन ते वर्गावर यायचे आणि तोच हात पोरांच्या डोक्यावर ठेवायचे.

त्या चित्रात ना झाड, ना माणूस. हेडमास्तरांनी एकदा बराच वेळ बघून विचारलं, आंबा आहे का? शिपायाचं मत पडलं की एस.टी. स्टँडच्या भिंतीवर याहून जास्त रंग आहेत. मास्तर कोणावर रागवले नाहीत. फक्त वर्गात पोपट काढायला ते साफ नकार द्यायचे. पोपट पुस्तकात आहे, तो पुस्तकातच बरा, म्हणायचे.

मुंबईला दरवर्षी एक मोठं प्रदर्शन भरे. मास्तर तिथे दरवर्षी एक चित्र पाठवत आणि दरवर्षी ते 'साभार परत' येई. दहा वर्षं हे चाललं होतं. त्या वर्षी ते मला शांतपणे म्हणाले की हे शेवटचं. हेही परत आलं तर आपल्याला दिसतं ते दुसऱ्या कुणालाच दिसत नाही, असं समजून थांबायचं. मी हसण्यावारी नेलं, पण ते हसत नव्हते.

ते वर्ष बहात्तरचं. पाऊस झालाच नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत आम्हां मास्तरांना दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला धाडलं. माळावर बायका ओळीने बसून खडी फोडायच्या. डोक्यावर पदर, हातात हातोडी, आणि दगडावर घाव बसला की मनगटातली बांगडी तडकायची. बांगडी फुटली असं कुणी म्हणत नसे, वाढवली म्हणत. तुकडे पदराला बांधून घरी न्यायचे आणि तुळशीपाशी ठेवायचे, ही त्यांची रीत.

मास्तरांनी खडीच्या ढिगात ते हिरवे तुकडे बघितले आणि त्यांचं पुढचं चित्र ठरलं. सुट्टी संपल्यावरही दर बाजारच्या दिवशी ते कासाराकडून नव्या बांगड्या आणायचे. बायकांना म्हणायचे, वाढवलेली द्या, नवी घ्या. आधी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांच्यातली सरूबाई म्हणून एक पुढे झाली. तिचा नवरा त्याच कामावरच्या विहिरीत खोदायला उतरायचा. ती म्हणाली, "घ्या की मास्तर, आमच्या हातात न्हाई टिकत, तुमच्या चित्रात तरी टिकतील." तिचं बघून बाकीच्यांनी पदराच्या गाठी सोडल्या.

जानेवारीत चित्र पुरं झालं. खाली भेगाळलेला मातकट रंग आणि त्यावर शेकडो हिरव्या काचा, सरसात घट्ट बसवलेल्या, कुठे दाट, कुठे विरळ. सकाळचं ऊन खिडकीतून त्यावर आलं आणि मी दारातच थांबलो. मला चित्रातलं काही कळत नाही. तरी त्या दुष्काळात एवढा हिरवा रंग मी दुसरीकडे पाहिला नव्हता. मास्तरांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चहा टाकला. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

दोन दिवसांनी विहिरीची दरड कोसळली. सरूबाईचा नवरा आत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची म्हातारी आई मास्तरांच्या दारात येऊन बसली. ती भांडायला आली नव्हती. गावात बायका बोलत होत्या की नवरा जिवंत असताना सुनेचा चुडा परक्याच्या फळीवर डकवला, म्हणून हे झालं. म्हातारीला त्यावर काही म्हणायचं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आज राख सावडायची हाय. तिच्या हातातल्या तवाच वाढवल्या, त्या त्याच्यासंगं गेल्या. तुमच्याकडच्याबी जायला पायजेत."

मास्तर खाली बसले. त्यांनी तिला सांगितलं की सुनेच्या कुठल्या, ते आता ओळखू येणार नाही, सगळ्या एकाच रंगाच्या आहेत.

"मंग समद्याच द्या," म्हातारी म्हणाली.

मी मध्ये पडलो. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने चित्र जायचं होतं. मी म्हटलं, ही अंधश्रद्धा आहे, दहा वर्षांनी एक चित्र जमलंय, चार हिरव्या बांगड्या बाजारातून आणून फोडून द्या, हिला काय कळणार आहे? मी हे तिच्यासमोर बोललो. आज आठवलं तरी मान खाली जाते.

मास्तर म्हणाले, "गणित, तिचा मुलगा गेलाय आणि माझं चित्र जातंय. तुम्ही हिशेब शिकवता ना? करा बघू."

त्यांनी पटाशी घेतली आणि एकेक काच उचकटायला लागले. सरस पक्का धरला होता. काच निघताना खालची वाळू आणि गोणपाट घेऊन निघायची आणि फळीवर खड्डा राहायचा. मीही हात लावायला गेलो, तर त्यांनी नको म्हटलं. दुपारपर्यंत त्यांची बोटं चिरली होती आणि म्हातारीचा पदर भरला होता. नदीला पाणी नव्हतं, म्हणून तिने राखेबरोबर त्या काचा कोरड्या पात्रात खड्डा करून पुरल्या. मास्तर लांब उभे होते.

त्यानंतर ते संपल्यासारखे झाले. रस्त्याने जाताना खाली बघेनात. रंगांचे डबे त्यांनी शाळेच्या कपाटात टाकून किल्ली शिपायाला दिली. एक दिवस त्यांच्या वर्गावरून गेलो तर फळ्यावर पोपट काढलेला होता आणि पोरं मुकाट्याने तो उतरवत होती. मी संध्याकाळी म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा करू. ते म्हणाले, "नाही हो. आता हातच पुढे होत नाही."

मला ते बघवेना. ती फळी भिंतीकडे तोंड करून पडली होती, प्रवेशाचा फॉर्म त्यांनी आधीच भरलेला होता आणि मुदत अजून उलटली नव्हती. ते शाळेत असताना मी दोन्ही गोणपाटात बांधून एस.टी.ने मुंबईला पाठवून दिलं. परत आलं तर गुपचूप जागेवर ठेवीन, असा माझा विचार होता. चांगलंच करतोय असंही वाटत होतं. माणूस वाईट करताना त्याला बहुतेक असंच वाटतं.

चित्र परत आलं नाही. पत्र आलं. चित्र निवडलं गेलं होतं आणि परीक्षकांनी मुद्दाम दोन ओळी लिहिल्या होत्या की रिकाम्या खड्ड्यांची मांडणी फार धीट आहे.

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. तुम्ही पाठवलंत का, असं विचारलं. मी हो म्हटलं. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील.

"दहा वर्षं मी जे लावत आलो ते त्यांना दिसलं नाही," ते म्हणाले. "हे दिसलं. हे माझं नाही हो. हे तिच्या घरचं दुखणं आहे, आणि ते तुम्ही माझ्या नावाने भिंतीवर टांगलंत."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. महिन्याच्या आत त्यांनी राजीनामा दिला. कोणी म्हणे कोपरगावकडे गेले, कोणी म्हणे श्रीगोंद्याला कारखान्यात पाट्या रंगवतात. मी दोन्हीकडे चौकशी केली. पत्ता लागला नाही.

प्रदर्शन बघायला मुंबईला मी एकटाच गेलो. चित्रासमोर चांगले कपडे घातलेली माणसं मान तिरकी करून उभी होती. मी जवळ गेलो तेव्हा खालच्या कोपऱ्यात, वाळूच्या थराखाली, एक हिरवी कपची दिसली. नखाएवढी. मास्तरांच्या नजरेतून ती सुटली होती. पहारेकरी पाठमोरा झाला तेव्हा मी ती नखाने उकरून काढली आणि रुमालात बांधली.

परत आल्यावर थेट माळावर गेलो. सरूबाई कामावर आली होती, मोकळ्या मनगटांनी खडी फोडत होती. मी रुमाल सोडला आणि सांगितलं की एवढी एक राहिली होती. तिने कपची हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली.

"मास्तर कुटं हायेत?"

गेले, म्हणालो. कुठे ते माहीत नाही.

तिने ती पुन्हा माझ्या रुमालात ठेवली. "मंग त्यास्नी हुडका अन् त्यास्नीच द्या. म्या खुशीनं दिल्या हुत्या. मागाया म्या आले न्हवते."

मी तिथेच उभा राहिलो. तिने हातोडी उचलली, आणि मला जरा बाजूला व्हायला सांगितलं, कपच्या डोळ्यात उडतात म्हणून.