मांडीला पट्टा बांधून उभी राहिलेली शीला

शीला गेल्याचा फोन आला तेव्हा मी लेकरांना लस टोचत होते. दवाखान्याच्या ओट्यावर आया रांगेनं बसल्या होत्या. फोन उत्तमचा होता, तिच्या धाकट्या भावाचा. तो एवढंच म्हणाला, "सिस्टर, अक्का गेली. चहा ठेवता ठेवता खाली बसली अन् उठलीच न्हाई." मी फोन ठेवला, राहिलेल्या सात लेकरांना लस टोचली आणि मगच निघाले. नंतर बायका आपसात बोलल्या म्हणे, की सिस्टरचं काळीज दगडाचं आहे. बोलू देत. मी हातातलं काम टाकून रडत आले असते, तर सगळ्यांत आधी शीलाच चिडली असती.

शीला खंदारे. शाळेच्या पोरींसाठी खंदारे मॅडम. सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेत ती क्रीडा शिक्षिका होती आणि राहायला आमच्या गोरेगावात, भावाच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत. लग्न केलं नव्हतं. कॉलेजात असताना गोळाफेकीत राज्यापर्यंत गेलेली बाई. खांदे असे, की तिचे ब्लाउज शिवणारा शिंपी दर वेळी माप दोनदा घ्यायचा. मी १९९४ मध्ये गावच्या सरकारी दवाखान्यात बदलून आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती बोट सुजलेल्या एका पोरीला घेऊन आली. "सिस्टर, हिला उद्या खो-खो खेळायचाय, काही तरी करा." मी म्हटलं, उद्या जमणार नाही. ती शांतपणे म्हणाली, "मग परवा." त्या 'परवा'नं आमची मैत्री सुरू झाली. मी औंढ्याच्या देवळात पूजाअर्चा करणाऱ्या घरातली, ती सकाळी बुद्धवंदना म्हणणारी. आमचं त्यावरून कधी वाजलं नाही. वाजलं ते मिठावरून. पापड आणि ठेचा तिला सुटत नसे...

१९९७ च्या डिसेंबरात सेनगावहून येणारी जीप पुलाजवळ उलटली. आत किती माणसं होती आणि मागं लोंबकळत किती, हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. बाकीचे खरचटण्यावर निभावले. शीलाची डावी मांडी आणि गुडघा जीपखाली आला. नांदेडला ऑपरेशन झालं, सळई बसवली, आणि सात महिन्यांनी ती कुबड्या घेऊन घरी आली. मी ड्रेसिंगला गेले तेव्हा तिनं पातळ वर सरकवून मला मांडी दाखवली. माझ्या दंडाएवढी उरली होती. "सुमन, ही माझी न्हाई गं. कुणाचा तरी हात जोडून दिलाय मला." ती हसली, पण मला हसता आलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की चालता येईल, पण खाली बसायचं नाही आणि जड वजन उचलायचं नाही. वजन उचलल्याशिवाय मांडी भरणार नव्हती, आणि वजन उचललं तर गुडघा टिकणार नव्हता. या अडकित्त्यात ती पाच वर्षं राहिली. शाळेनं तिला ग्रंथालयाची किल्ली दिली. पोरी मैदानावर खेळायच्या आणि ती खिडकीतून ओरडून त्यांच्या चुका सांगायची.

मधल्या काळात आमचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या जवळ आल्या, पण शीलाच्या पायात फरक पडला नाही. उलट २००२ मध्ये डोकं दुखतं म्हणून ती दवाखान्यात आली, आणि मी रक्तदाब मोजला तर पारा खाली यायलाच तयार नाही. तिचे वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले होते, थोरला भाऊ सत्तेचाळिसाव्या. दोघंही असेच, उभ्या उभ्या. मी तिला गोळी सुरू करायला डॉक्टरांसमोर बसवलं आणि बाहेर आल्यावर घाबरत घाबरत म्हटलं, आता जपायला हवं. ती म्हणाली, "म्हंजे माझ्याकडं टाइम कमी हाये. मग तो खुर्चीत बसून काहून घालवू?"

पुढच्याच वर्षी शाळेच्या संस्थेचं पत्र आलं. खेळू न शकणारी क्रीडा शिक्षिका कशी ठेवायची? वर्षभरात वैद्यकीय मंडळाचा दाखला आणा, नाही तर स्वेच्छेनं घरी बसा.  पत्र आल्याच्या तिसऱ्या दिवशी शीलानं नांदेडची बस धरली.

तिथं सय्यद सर म्हणून एक तरुण फिजिओथेरपिस्ट होते. त्यांनी एक पद्धत वाचली होती. जपानातल्या एका माणसानं काढलेली. मांडीच्या अगदी वरच्या भागाला पट्टा बांधायचा, पण पूर्ण आवळायचा नाही. रक्त पायात उतरतं, परत फिरताना अडतं. अशा पायानं हलकंसं वजन उचललं तरी स्नायूला ते जड वाटतं आणि तो वाढायला लागतो. गुडघ्यावर मात्र भार हलकाच. हे ऐकून शीलाचे डोळे चमकले असणार, हे मी न बघताही सांगू शकते. पण सरांनी पुढचंही सांगितलं होतं. "मॅडम, पैर का मामला नहीं है, दिल का है. पहले दाब काबूत आणा, मग बघू." रक्त पायात अडलं की हृदयाकडं कमी परततं, दर ठोक्याला कमी मिळतं, म्हणून हृदय भराभर चालतं. दाब चढतो, जड वजन उचलण्याइतका बहुधा नाही, पण नुसत्या हलक्या व्यायामापेक्षा जास्त. आणि पट्टा सोडला की कधी कधी एकदम उतरतो. निरोगी माणसाचं शरीर हे निभावून नेतं. दाबाच्या माणसाचं सांगता येत नाही.

'मग बघू' हे शब्द शीलाच्या कानात शिरलेच नाहीत. आठवडाभरात तिनं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, घोट्याला वाळूची पिशवी बांधली आणि दार लावून घेतलं. उत्तमची बायको संगीता मला बोलवायला पळत आली. मी पोचले तेव्हा शीला भिंतीला टेकून बसली होती, घामानं डबडबलेली, आणि पाय जांभळा पडला होता. पट्टी सुटेना म्हणून मी कात्रीनं कापली. ती उठायला गेली तशी डोळ्यांपुढं अंधारी येऊन माझ्या अंगावर कोसळली. ती शुद्धीवर आल्यावर मी तिला काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "मरायचंच असलं तर मला बोलवू नकोस." तिनं कापलेली पट्टी उचलून बाजूला टाकली. मग म्हणाली, "मरायचं न्हाई गं. खाली बसून उठायचंय. बस्स, एवढंच."

मी तिच्याबरोबर नांदेडला गेले. सरांनी दोघींना सुनावलं. मग सहा आठवडे नुसत्या गोळ्या, मीठ बंद आणि चालणं. दाब उतरला, आमच्या डॉक्टरांनी आणि सरांनी मिळून होकार दिला, तेव्हा सरांनी मांडीचा दाब मोजायचा रुंद पट्टा काढला, काटा असलेला. ट्यूब, दोरी, ओढणी सगळं बंद. किती आवळायचं ते सर ठरवणार, तिनं नाही. आठवड्यातून दोनदा, दर खेपेला काही मिनिटं. आधी, मध्ये आणि नंतर दाब मी मोजणार, आणि मी थांब म्हटलं की थांबायचं. पहिले दोन महिने सगळं सरांच्या समोर. नंतर घरी, माझ्या समोर.

त्या मिनिटांमध्ये तिचा चेहरा कसा व्हायचा, ते मी अजून विसरले नाही. वाळूची पिशवी अशी, की शाळेतल्या पोरीनं हसत उचलावी. पण दहा-बारा वेळा उचलली की शीलाच्या ओठांवर घाम यायचा, मानेवरची शीर फुगायची. "आग लागली गं, सुमन, आग!" मी नाडी धरून बसलेली. बोटांखाली तिचं हृदय धावायचं, आणि माझंही. कधी पारा ठरलेल्या रेघेच्या वर गेला की मी पट्टा सोडायची. मग ती मला शिव्या घालायची. अस्सल गोरेगावच्या. मी त्या वहीत लिहिल्या नाहीत, आकडे लिहिले. चौथ्या महिन्यात तिनं मापपट्टी मांडीभोवती गुंडाळली आणि आकडा माझ्यासमोर धरला. मांडी भरत होती.

मंडळापुढं गेलो तेव्हा २००४ चा मे महिना होता. टेबलामागं तीन डॉक्टर. मधल्यांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "मॅडम, खाली मांडी घालून बसा." ती बसली. "आता हात न टेकता उठा." ती उठली. "परत एकदा." परत उठली. "परत." तिसऱ्यांदा उठून उभी राहिल्यावर शीलानं पदर खोचला आणि म्हणाली, "साहेब, आता तुमी बी एकदा उठून दाखवा की."  मग कडेचे डॉक्टर हसायला लागले, आणि मधल्यांनी, तेही हसतच, दाबाचं यंत्र जवळ ओढलं. आकडा बघून ते गंभीर झाले. शीला म्हणाली, "घराण्याचा हाये, साहेब. गोळी चालू हाये. सिस्टरकडं सगळं बराबर लिहिलेलं हाये." मी वही पुढं केली. त्यांनी पानं उलटली, एक-दोन प्रश्न विचारले आणि सही केली.

जूनमध्ये ती मैदानावर परतली. पुढची जवळपास पाच वर्षं ती पोरींच्या बरोबर धावली नसेल, पण खाली बसून त्यांच्यासाठी मैदानाची आखणी करायची, गोळा कसा टाकायचा ते स्वतः टाकून दाखवायची, कबड्डीत चढाई करणाऱ्या पोरीचा पाय धरून म्हणायची, "सोडव बघू." तिच्या हाताखालच्या दोघी पोलिसात भरती झाल्या. एकीच्या बापाला तिनं घरी जाऊन दमात घेतलं होतं, "तिला शर्ट-पँट घालू दे, नाही तर उद्यापासून मी तुझ्या दारात बसते." ज्या बाईला खाली बसता येत नव्हतं, तिनं दारात बसायची धमकी द्यावी... बाप मुकाट्यानं कबूल झाला.

आणि आठवड्यातून दोनदा पट्टा. शेवटपर्यंत.

हे लपवायचं कारण नाही, म्हणून लिहिते. गेल्या फेब्रुवारीत मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली, तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती. शेवटचा व्यायाम चार दिवस आधी झाला होता, आणि त्या दिवशी दाब ठीक होता. तिच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना संपली, माणसं उठायला लागली, आणि उत्तम सगळ्यांसमोर माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "सिस्टर, तुमच्या पट्ट्यानं माझी बहीण खाल्ली." कुणी त्याला आवरलं नाही. कुणी माझ्याकडं बघितलंही नाही. मी चपला घातल्या आणि घरी आले.

त्यानंतर मी वही घेऊन नांदेडला गेले. सय्यद सरांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचलं. मी विचारलं, पट्ट्यानं झालं का? त्यांनी वही मिटून माझ्यापुढं ठेवली. मग म्हणाले, "सिस्टर, हो म्हणायला माझ्याकडं काही नाही. नाही म्हणायलाही नाही." माझ्याशी खोटं बोलून त्यांना माझी समजूत काढता आली असती. त्यांनी ती काढली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तेव्हा मलाही खात्रीनं काही सांगता येत नाही. पण ज्यांना माझ्याकडून कबुली हवी आहे, त्यांना ती मिळणार नाही. तिच्या वडिलांनी कधी पट्टा बांधला नव्हता. थोरल्या भावानंही नाही. ते दोघे तिच्यापेक्षा लवकर गेले. तिला खुर्चीत बसवून ठेवलं असतं तर ती आणखी जगली असती का? असेल. नसेलही. मी परिचारिका आहे, मला आयुष्य मोजायला शिकवलं आहे. पण ती ते कशात मोजत होती, हे मला माहीत होतं. सगळं माहीत असून तिनं ठरवलं. मी शेजारी बसले, नाडी धरली, थांब म्हणाले तिथं ती थांबली. दोष द्यायचाच असेल तर त्यात माझं नाव पूर्ण लिहा, अर्धं नको. आणि पाच वर्षं ती दोन पायांवर उभी होती, तिथंही लिहा.

मागच्या रविवारी दुपारी उत्तम माझ्या घरी आला. मागं संगीता होती. तिनंच आणलं असावं. तो दारातच उभा राहिला. दोन महिन्यांत चेहरा सुजल्यासारखा झाला होता. तिथूनच म्हणाला, "तुमी चुकलात एवढं तरी म्हणा, सिस्टर. मंग मला झोप लागंल."

"नाही म्हणणार, उत्तम."

मला वाटलं, तो आता ओरडेल, निदान निघून तरी जाईल. संगीता त्याच्याकडं बघत होती. तो आत आला, खुर्ची ओढली आणि बसला. "ती रोज मागं लागायची, दाब तपासून घे म्हणून. मी कधी ऐकलं न्हाई..." 

मग त्यानं शर्टाची बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला, तळवा वर, बोटं सैल सोडून. शीलाही हात असाच ठेवायची. तो तसा ठेवावा, हे मी दोघांपैकी कुणालाच सांगितलं नव्हतं.