पळस नावाची कविता

कर्णा वाजला आणि निवेदकानं टोपणनाव पुकारलं, "पळस!"

रत्ना जागची हलली नाही. पळस म्हणजे तीच. डब्लिनमधल्या चर्चच्या हॉलमध्ये शे-दीडशे माणसं माना वळवून बघत होती, हा पळस उठतोय कुठून. वेल्श मंडळाच्या कवितास्पर्धेची रीतच तशी. कविता टोपणनावानं द्यायची, नाव तीनदा पुकारतात, जिंकलेल्यानं उठून मंचावरच्या ओक लाकडाच्या खुर्चीत बसायचं. दोन वर्षं लायक कविताच आली नाही म्हणून खुर्ची रिकामी राहिली होती. यंदाही राहिली तर स्पर्धा बंद, असं मंडळानं ठरवलेलं.

"ऊठ ना यार," शेजारून तिचा नवरा यतीन कुजबुजला. "तुझंच ना ते?"

"थांब रे."

नागपूरची रत्ना ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. घरी लेक आन्या मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. तीन वर्षांपूर्वी लायब्ररीत ऐंशीच्या घरातले, मूळचे वेल्सचे एलिस काका चौघांना आपली वेल्श भाषा शिकवताना दिसले, आणि ही पाचवी होऊन बसली. यंदा तर मार्चमध्ये वेल्सच्या संताच्या, सेंट डेव्हिडच्या दिवशी कोटाला डॅफोडिलचं फूल खोचून गेली, जूनच्या सहलीत कोरसमध्ये गायली, ऑगस्टभर वेल्शमध्ये कविता खरडली. आणि तिथंच घोळ केला. शाळेपासूनचं वळण, सरांना दाखवल्याशिवाय वही द्यायची नाही! काकांनी वाचली आणि शेवटची ओळ सबंध बदलली. हिनं "थँक यू काका" म्हणून तशीच पाठवली. नियम वाचला तो नंतर: कविता अक्षरन् अक्षर स्वतःची हवी.

तिनं घाबरून फोन केला होता. "काका, मागे घेऊ?"

"मुळीच नाही! एका ओळीनं काय बिघडतंय?"

"पळस!"

ही दुसरी हाक. पुढच्या रांगेतून काका वळले. डोळ्यांनीच म्हणाले, ऊठ पोरी.

"पळस!"

ती उठली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळाच्या दोघींनी हाताला धरून तिला खुर्चीपाशी नेलं. परीक्षक बाईंनी प्रथेप्रमाणे तलवार म्यानातून अर्धी उपसली; तीनदा विचारून सभेनं तीनदा होकार दिला की खुर्ची पक्की.

"शांतता आहे का?"

"शांतता!" सभागृह गरजलं.

"शांतता आहे का?"

"शांतता!"

"शांतता आहे का?"

सगळ्यांच्या आधी रत्ना बोलली. "नाही."



"शेवटची ओळ माझी नाही. माझ्या सरांची आहे."

 "खुर्ची आम्ही त्याच ओळीसाठी दिली होती," परीक्षक बाई हळूच म्हणाल्या, आणि तलवार म्यानात सारली.

हॉल रिकामा होताना एलिस काका काठी टेकत आले. "साठ वर्षं या स्पर्धेत लिहिलं. एकदाही खुर्ची मिळाली नाही. आज माझी ओळ जिंकली, तर तू चोर पकडून दिलास!"

"सॉरी काका. माझ्यामुळं स्पर्धा बंद पडली."

"माझ्यामुळं." काका तिच्या शेजारच्या खुर्चीत धपकन बसले. "तुझी मूळ ओळ काय होती? म्हण बघू."

तिनं म्हटली. काकांनी डोळे मिटून ऐकली.

"कच्ची आहे," ते म्हणाले. "मंगळवारी ये. वर्ग कुणी बंद केलेला नाही."