गोरखच्या पिकअपचा सायलेन्सर

पवनानगरच्या गोरखची पिकअप दिसायच्या आधी ऐकू यायची. सायलेन्सर मधोमध सडलेला, त्यावर पत्र्याचं ठिगळ, ठिगळावर क्लॅम्प. गाडी चढाला लागली की धरणाचा काठ दणाणायचा आणि तंबूत झोपलेले पुण्यामुंबईचे पाहुणे वैतागून बाहेर डोकवायचे. गोरखला त्याचं काही वाटत नसे. उलट त्या आवाजाचा त्याला अभिमानच होता, आणि तो अगदी फुकाचा होता असंही नाही.

रोज सकाळी तो वाड्यावस्त्यांवरची भाजी आणि ती विकणाऱ्या बाया घेऊन दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याच्या बाजाराला जायचा. वाड्या रस्त्यापासून आत, झाडीत. फोनला रेंज असली तर असली. खिंडीखालच्या वाडीतली झुंबरबाई तर डोळ्यांनी अधू झालेली. लांबून आवाज आला की ती पाटी डोक्यावर घ्यायची, काठी टेकत पायवाट उतरायची, आणि ती खाली पोचेपर्यंत गाडी बरोबर वळणावर आलेली असायची. हॉर्नची गरजच पडत नसे. हॉर्न काय, त्या रस्त्याला सगळेच वाजवतात.

लोणावळ्याचा मेकॅनिक संदेश गाडीखालून बाहेर आला की दर वेळी तेच सांगायचा. ठिगळं आता पुरे, पाइपापासून सगळं नवं बसवू, धूर पार मागच्या टोकाला नेऊ, गाडी मुकाट चालेल. मुकाट म्हटलं की गोरखचं मन माघारी फिरायचं. मुकी गाडी घेऊन वाडीखाली उभं राहिलं तर झुंबरबाईला कळणार कसं? पावसाळा सरू दे, मग बघू, असं तो म्हणायचा आणि संदेश निमूट आणखी एक ठिगळ मारून द्यायचा. नको असलेल्या कामाला माणसाला पावसाळ्यानंतरचा मुहूर्त फार सोयीचा वाटतो.

केबिनमध्ये गोरखच्या शेजारची जागा हौशीराम आबांची. आबा त्याचे चुलते, भावकीत वडीलधारे. बाजारात त्यांचं काम म्हणजे ओळखीच्या दुकानात बसून चहा पिणं, पण जागा त्यांचीच. गोरखची बायको येसूबाई मागे हौद्यात, बायांबरोबर. चुलतसासऱ्याच्या शेजारी बसणं तिच्या स्वप्नातही आलं नसतं. नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, नंतर आयुष्यभर 'हे' आणि 'ह्यांची गाडी'. पदर सावरत ती मागे चढायची आणि केबिनला पाठ लावून आत कोपऱ्यात बसायची, कारण कडेची वाऱ्याची जागा म्हाताऱ्यांना लागते. स्वभावच तिचा तसा. आणि त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली ते ठिगळ होतं.

पावसाळ्यात हौद्यावर ताडपत्री चढली. श्रावण लागला तसं येसूबाईचं डोकं दुखायला लागलं. बाजारात उतरताना मळमळायचं, पाय लटपटायचे. सोमवार-शनिवारच्या उपासानं पित्त झालं असेल, असं तिनंच ठरवून टाकलं. गोरखनं तिला लिंबू आणून दिलं. लिंबू देऊन आपण बायकोची काळजी घेतली असं त्याला मनापासून वाटत होतं.

मग एका सकाळी पाऊस आडवा आला, म्हणून बायांनी मागची ताडपत्रीही खाली ओढून बांधली. खिंडीच्या चढाला पाहुण्यांच्या गाड्यांची रांग लागलेली. गोरख गाडी थोडी पुढे घ्यायचा, थांबायचा, इंजिन चालूच. शेवटी रांग सुटली, गाडी खिंड ओलांडून उताराला लागली, आवाज जरा बसला, तेव्हा कुठे त्याला पाठीमागून केबिनवर काहीतरी ठोकल्याचं ऐकू आलं.

त्यानं उतरून ताडपत्री सोडली. येसूबाईचं डोकं झुंबरबाईच्या मांडीवर होतं आणि डोळे अर्धवट उघडे होते. बाकीच्या बाया खोकत, डोकं धरून बसल्या होत्या. झुंबरबाईच्या मुठी सोलवटल्या होत्या.

"कवाधरनं ठोकतीया रं," ती म्हणाली. "तुला ऐकूच गेलं न्हाई."

येसूबाईला बाहेर पावसात, मोकळ्या हवेत काढलं. आबांनी आपली छत्री तिच्या तोंडावर धरली आणि स्वतः भिजत उभे राहिले. लोणावळ्याच्या दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टरनी कुठल्या गाडीतून आणलं, ती कुठं बसली होती, असं विचारलं आणि सांगितलं की गाडीचा धूर अंगात भरलाय, आणखी थोडा वेळ गेला असता तर हाती लागली नसती. गोरख खाली बघत ऐकत राहिला. ज्या आवाजाची त्यानं मिजास केली, त्याच आवाजानं म्हातारीचं ठोकणं गिळलं होतं. त्याला स्वतःची शरम वाटली. ती शरम त्याची अजून गेलेली नाही.

तिला शुद्ध आल्यावर तो उठला आणि गाडी संदेशकडे लावली. सगळं नवं बसव, एवढंच बोलला. संदेशनं खालून हात घातला तर ठिगळ नुसतं हातात आलं.

येसूबाई हिंडाफिरायला लागली. ती पहिल्यांदा बाजाराला निघाली त्या सकाळी आबा केबिनचं दार उघडून बाहेरच उभे.

"सूनबाई, तू म्होरं बस. मी मागं बसतो."

ती न्हाई, न्हाई म्हणत राहिली. आबा मागे गेले आणि गुडघ्यावर हात देत हौद्यात चढले, थेट तिच्या कोपऱ्यात. मग तिचा इलाज चालेना. दाराला चिकटून, अर्ध्या सीटवर ती बसली.

खिंडीखालच्या वाडीशी गाडी थांबली. पाऊस झिमझिम चालू होता. कुणी खाली आलं नाही. गोरखनं हॉर्न दिला. मागून दोन मोटारींनीही दिला आणि त्या निघून गेल्या. पायवाट रिकामीच. ज्याची त्याला इतके दिवस धास्ती होती ते हेच. चढून जाऊन बोलावून आणावं म्हणून त्यानं दाराला हात घातला, तेवढ्यात येसूबाईनं काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

"झुंबरमावशी, गाडी आलीया."

झाडीतून म्हातारीचा आवाज आला, "कुनाची?"

'ह्यांची' येसूबाईच्या ओठांपर्यंत आलं. मागे चुलतसासरा बसलेला, शेजारी नवरा. गोरख स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला. तिनं पदर डोक्यावर नीट ओढून घेतला.

"गोरखची," ती म्हणाली. "गोरखची गाडी आलीया, मावशी. या."

वर काठी टेकल्याचा आवाज सुरू झाला. मागे हौद्यात आबा खाकरले.

"आनिक एकदा म्हन, सूनबाई," ते म्हणाले. "वरल्या घरांना ऐकू गेलं न्हाई."

येसूबाईनं पुन्हा हाक दिली.