लेकीच्या घरचं पाणी

आमच्या पाथर्डीकडं लेकीला मूलबाळ होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही. थोरल्या दोघींच्या घरी मी ही रीत पाळली. धाकटी इटलीत, व्हेनिसला नर्स आहे, म्हणून काय रीत बदलते? मी चौथीपर्यंतच शिकलो, पण शब्दाला पक्का आहे. जावयानं तिकीट धाडलं. मी तांब्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत भरली आणि निघालो.

ते गाव पाण्यातच उभं आहे. घरांच्या पायऱ्या सरळ खाऱ्या पाण्यात उतरतात आणि एसटीच्या जागी बोट येते. खालच्या विटांना खार फुटलेला, पण भिंती अजून ताठ. मला गाव पसंत पडलं. चौकाचौकात कोरीव दगडाचे जुने आड, वर लोखंडी झाकण.

"आधी पावसाचंच पाणी साठवून प्यायची इथली माणसं," लेक म्हणाली.

"मंग शहाणी हायेत," मी म्हटलं.

पण तिच्या घरासमोरच्या चौकात एक नळ सारखा वाहत होता, त्याला चावीच नाही. मला बघवेना. मी चिंधीचा बोळा करून त्यात कोंबला. समोरच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडायला लागली. मीही ओरडलो, "पानी वाया चाललंय, बाई!" लेकीनं धावत येऊन बोळा काढला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मी त्याच नळावर तांब्या भरायला लागलो. लेकीच्या टेबलावर बसायचं, पण दशमी माझी, पाणी चौकातलं. ती रोज ताट वाढायची, मी रोज बाजूला सारायचो.

"आबा, तेच पाणी माझ्या नळाला येतं."

"येऊ दे. चौकातलं गावाचं, घरातलं तुझं."

"आणि आमच्या तिकिटावर विमानात प्यालात ते?"

"इमान काय माझ्या लेकीचं हाय?"

जावई तोंड फिरवून हसला. लेक हसली नाही.

दशम्या संपल्या त्या दिवशी ती ड्यूटीवरून आली आणि कोट न काढताच माझ्यासमोर बसली.

"आबा, आम्हाला मूल होणार नाही. डॉक्टरांनी कधीच सांगितलंय. आईला ठाऊक आहे. मग तुम्ही माझ्या घरी कधीच जेवणार नाही का?"

मी तांब्या उचलला, खाली गेलो, भरला आणि आडाच्या पायरीवर बसलो. ही रीत घातली कुणी? माझ्यासारख्याच कुण्या बापानं, लेकीच्या सासरवर आपला भार पडू नये म्हणून. इथं सासर कुठं आहे? घर तिचं, कष्ट तिचे. आणि बाप तर मीही आहे. त्यानं रीत घातली, तर मलाही घालता येते.

भरलेला तांब्या तिथंच नळाखाली ओतून दिला आणि रिकामा घेऊन वर गेलो.

"काय केलंय जेवायला?"

"वरणभात," ती म्हणाली.

"वाढ. आन ह्यात पानी वत."

तिनं तिच्या नळाखाली तांब्या धरला. काठोकाठ भरला तरी नळ बंद करायचं तिला सुधरेना.

"सांडू नको," म्हणालो, आणि तिथंच उभ्यानं अर्धा प्यालो.

जेवायला बसल्यावर वरणात मीठ कमी आहे, हे मी सांगितलंच.

"आबा, एवढे दिवस उपाशी होता तेच बरं होतं," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.