राजा चपलवाल्याच्या दारात

एका पटाभोवती तीच माणसं वर्षानुवर्षं बसली ना, की डाव कोण जिंकलं ते कुणाच्या ध्यानात ऱ्हात नाय. कोण कवा काय बोललं, तेवढंच ऱ्हातं. घरात रिकामे डबे साचत्यात, टाकवत बी नायत, तसं आमचं झालंय. एक काढाया गेलं की चार अंगावर पडत्यात.

आमी चौघं. मी दगडू, गंगापूरकडचा, काम वाळूजला कंपनीत. इठ्ठल माझ्याच लायनीवरचा. जोशी सर कॉलेजातून रिटायर झालेले. आन रहमतभाई, छावणीतला टेलर. सुट्टीच्या दिवशी त्याच्या दुकानात, कापड कापायच्या टेबलावर आमचा पट मांडलेला.

* * *

बुद्धिबळ आमी सगळे गावाकडंच शिकलेलो. प्यादं एका टायमाला एकच घर चालतं. राजाला शह बसला नसंल तर त्याला जल्मात एकदा घोड्यासारखी उडी मारता येती. बास, हा कायदा.

मंग इठ्ठलनं शहागंजातून पुस्तक आणलं, मराठी, 'खेळ सुधारा' टाईपचं. पयल्याच पानावर लिवलेलं, प्यादं पयल्या चालीला दोन घरं जातं! आन राजाची उडी तर कुठंच नाय. माझं डोकंच फिरलं. म्हणलं, लोकायला फसवायलेत. तसाच इठ्ठलला घेऊन गेलो पुस्तकाच्या दुकानात.

"पुस्तक चुकीचं छापलंय तुमचं! बदलून द्या!"

दुकानदार गरीब माणूस. त्यानं काय बी न इचारता दुसरी कॉपी दिली. मी तिथंच उभ्या उभ्या इठ्ठलला पयलं पान वाचायला लावलं.

"ह्याच्यात बी तीच चूक हाय!"

दुकानदार म्हणला, "दादा, पूर्ण गठ्ठाच तसा आलाय."

* * *

शेवटी जोशी सरांनी समजावलं, जगात असंच खेळत्यात. मंग इठ्ठल पेटला. पुस्तकातल्या चाली तोंडपाठ करायला लागला. कंपनीच्या बसमधी सुदीक ओठ हालायचे त्याचे. बाजूच्याला वाटायचं, जप चाललाय.

एका रव्वारी माझ्यासमोर बसला. छाती फुगवून पयली चाल खेळला. मी माझ्या मनानं कडंचं प्यादं सरकवलं. इठ्ठल थांबला. डोकं खाजवलं. पुस्तक काढलं, पानं चाळली.

"हे नाय चालत, दगडू. इथं तू घोडा काढायचा असतो."

"कामून?"

"पुस्तकात काळा घोडाच काढतो."

"मंग काळ्याला जाऊन सांग. मी मला पायजे ते खेळीन!"

इठ्ठल रडकुंडीला आला. "अरं, तूच नीट नाय खेळला तर मी जिंकू कसा?"

* * *

मंग आले व्हिडिओ. जोशी सरांच्या पोरीनं त्यायला मोबाईलवर कोर्स घेऊन दिला. कुणीतरी मोठा खेळाडू शिकवायचा, आन आमी चौघं एका मोबाईलवर डोकी घालून बसायचो.

एक डाव चांगला रंगात आलता. तेवढ्यात तो शिकवणारा म्हणतो, "आणि इथं काळ्यानं हार मानली."

मी उठूनच उभा ऱ्हायलो. "आरं! दोन हत्ती जित्ते हायत! वजीर हाय! राजाला कुणी बोट लावलं नाय, आन पळाला?"

"दगडू, तो हरलेलाच आहे," जोशी सर म्हणले.

"कुठं हरलाय? मांडा पट. काळ्याकडून मी खेळतो, पांढऱ्याकडून तुमी."

पट मांडला. चहा यायच्या आत मला मात बसली.

रहमतभाई हसला. "अब समझा, काहे को भागा?"

"समजलं," मी म्हणलं. "तरी बी मार खाल्ल्याबिगर पळायचं नाय!"

* * *

आता हे जरा येगळं हाय.

आमचं एक भांडण नेहमीचं व्हतं. मोहऱ्याला हात लावायचा आन परत ठेवायचं, दुसरंच चालवायचं. त्याच्यात मीच पुढं. मंग जोशी सरांनी पुस्तकातला कायदा आणला, ज्याला हात लावला तेच चालवायचं. सगळे व्हय म्हणले.

त्याच्यानंतर रहमतभाई हरायला लागला. चौघात सगळ्यात भारी माणूस! वजिराला हात लावायचा, थांबायचा, आन "हौ, यही चलता," म्हणून त्याला मरणाच्या जागी ठेवायचा. आमाला वाटलं वय झालं.

एक दिवस त्यानं पटावर हात फिरवला, घोडा उचलला आन मस्त चाल केली. फकस्त घोडा माझा व्हता.

इठ्ठल हसला. मी बी हसलो. म्हणलं, "भाई, माझी फौज फोडली का काय?"

रहमतभाई हसला नाय. घोडा हातातच ठेवला, त्याच्या मानेवरून अंगठा फिरवत बसला.

"शुगर आँख में उतर गई, बाबा. हात लगाए बगैर समजता नहीं कौन क्या है. सफेद-काला सब एक."

मंग डोक्यात उजेड पडला. तो मोहरं वळखायला हात लावत व्हता, आन कायद्यापायी तेच चालवत व्हता. कुणाला बोलला नाय.

जोशी सर खाली मान घालून म्हणले, "भाई, कायदा मी आणला, मीच काढून टाकतो. तुम्ही लावा हात."

"मेरे लिए अलग कायदा? नक्को. उससे अच्छा खेलना बंद."

शिलाई तर आदीच सुटली व्हती. मशीनवर आता त्याची पोरगी शबाना बसायची. हा पट बी सुटला, तर हा माणूस घरात खाटंवर बसून भिंतीकडं तोंड करून ऱ्हाणार, हे आमाला तिघायला बी दिसत व्हतं. पण बोलायचं कसं?

* * *

इठ्ठल म्हणला, भाईला व्हिडिओ ऐकवू. डोळे नसले तर कान हायत ना.

कानात घातलं. शिकवणारा बोलायला लागला, "आता बघा, हा घोडा इथून इथं येतो, आणि हा उंट इकडून असा..."

रहमतभाईनं दोन मिनिटं ऐकलं आन कानातलं काढून ठिवलं.

"इथून म्हंजी कुठून? उसको पूछो, इथं म्हंजी कुठं? उसकी आँखें हैं तो क्या सबकी हैं?"

जोशी सर म्हणले, पुस्तकात प्रत्येक घराला नाव असतं. आडव्या रांगेत आठ घरं, त्याला इंग्रजी आठ अक्षरं. भाई उर्दू शाळेतला. म्हणला, ती अक्षरं आपल्या डोक्यात ठरत नायत.

तवा सरांनी दाराभाईर लायनीकडं बघितलं. मंग इचारलं, "भाई, तुमच्या या लायनीत दुकानं किती?"

"मेरी दुकान पकड के आठ."

"डोळे मिटून चालाल का?"

"पैदा इदर हुआ मैं! सुरू में डेअरी. बाजू में नाई. मंग किराणा, मंग सोनार. पाँचवी होटल. उसके बाद मैं. मंग चपलवाला. आखिर में गिरणी."

सरांनी पेन काढलं, आन त्या पुस्तकात अक्षरं खोडून दुकानं लिवायला लागले. दुकानावरून उभी ओळ कळायची, आकड्यावरून त्या ओळीतलं घर.

महिन्याभरात आमची भाषाच बदलली. "वजीर, सोनार, चौथं घर." "उंट, नाव्ही, दुसरं." आमी तोंडानं सांगायचो, मोहरं हालवायचो. भाई चाल बोलायचा, इठ्ठल त्याचं मोहरं सरकवायचा. हात लावायचं कामच उरलं नाय. कायदा सगळ्यायला एक!

* * *

पुस्तकात राजाला लपवायची एक चाल हाय. हत्तीची आन त्याची अदलाबदल करून राजा कोपऱ्याकडं न्यायचा. तो जातो सातव्या ओळीत. म्हंजी चपलवाल्याकडं.

मंग दर डावाला आमची बोंब, "राजा चपलवाल्याकडं लपलाय! घेरा त्याला! मारा तिथंच!"

एक दिवस चपलवाला सोता उठून आला. तोंड एवढं मोठं.

"मैं रोज सुन रहा हूँ. मरता है तो हमारेच दरवाज़े में मरता है! गिऱ्हाईक ऐकतंय ना? कधी सोनाराकडं नेऊन मारा की!"

* * *

आता शेवटचा किस्सा सांगतो.

भाईचे डोळे पुरते गेले, त्या येळचं हाय. दवाखान्यातून आला, त्याच दिवशी दुकानात येऊन बसला. शबाना मशीनवर व्हती, तिनं मला डोळ्यानं खुणावलं, आज जरा सांभाळून. मी म्हणलं, व्हय.

डाव सुरू झाला. भाई चाल सांगायचा, तेवढंच. एका जागी मला दिसलं, ह्याचा डाव बिगडायलाय. मी वजीर उचलला आन नेऊन त्याच्या उंटाच्या तोंडात ठिवला. फुकट.

"वजीर, सोनार, पाचवं," मी म्हणलं.

रहमतभाईनं मान माझ्याकडं वळवली. मंग म्हणला,

"दगडू, आँखें मेरी गईं. तेरे कू क्या हुआ?"

"काय झालं? चुकून गेला!"

"झूट. तू वजीर चुकून बी नहीं देता. आज कायकू दिया? खैरात?"

माझं टाळकं सटकलं. खोटं पकडलं गेलं का मला जास्त राग येतो. "नाय खेळायचं मला!" म्हणलं आन दिला पट उलथून. मोहरी फरशीवर, मशीनखाली, कुठं कुठं गेली. शबानाचा पाय मशीनवर थांबला. इठ्ठल वाकून गोळा कराया लागला. जोशी सर म्हणले, "दगडू, लाज वाटू दे."

भाई जागचा हालला नाय. हात मांडीवर, मान सरळ.

"इठ्ठल, उठाओ मत," तो म्हणला. "दगडू, तेरा वजीर मैंने वापस रख दिया, सोनार के सामने, दूसरे घर में. बाकी सब वैसाच है. चल, सही चाल बोल."

मी दारातून भाईर पडायला निघालो व्हतो. तिथंच थांबलो. टेबल रिकामं. मी डोळे मिटले.

"घोडा," मी म्हणलं. "टेलर. पाचवं घर."

"हां," रहमतभाई म्हणला, आन त्या दिवशी पयल्यांदा हसला. "अब शह ले!"