मोरचूद आणि दोन खिळे

तुझ्या आजोबांना जाऊन सहा आठवडे झाले. त्या सोमवारी सकाळी मी चहा घेऊन गेले, ते उठले नाहीत. डॉक्टर येऊन गेल्यावर तो चहा ओतून टाकला, कप विसळला, मग तुझ्या आईला फोन लावला. सगळं क्रमाने केलं. रडू आलं नाही. अजूनही येत नाही...

ईरा, आदल्या संध्याकाळी तू फोनवर त्यांच्याशी भांडलीस. गृहपाठात विस्थापन अभिक्रियेने फेरस सल्फेट तयार करायचं होतं, त्यासाठी एक धातू आणि एक द्रावण निवडायचं होतं. तू म्हणालीस, लोखंड आणि कॉपर सल्फेट. ते म्हणाले, लोखंड आणि झिंक सल्फेट.

"आजोबा, तुमचं पुस्तक जुनं झालंय."

"नव्या पुस्तकात लोखंड वेगळं असतंय काय गं? जन्मभर शिकवलंय की मी."

"मग जन्मभर चुकीचं शिकवलंत," म्हणून तू फोन ठेवलास.

इथल्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. वर्गात उत्तरावरून वाद झाला की फळ्याकडे वळायचे नाहीत, कपाटातून परीक्षानळ्या काढायचे. "भांडू नका, टाकून बघा," एवढंच म्हणायचे. त्या संध्याकाळीही तेच केलं. लिंबाच्या झाडासाठी आणलेलं झिंक सल्फेट घरात होतं, फवारणीतलं उरलेलं मोरचूदही होतं. मोरचूद म्हणजे तुझं कॉपर सल्फेट. लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्यांत ती वेगवेगळी विरघळवली, दोन खिळे घासून एकेकीत सोडले आणि समोर खुर्ची घेऊन बसले. तासाभराने मला हाक मारली. मोरचुदातल्या खिळ्यावर तांबं चढलं होतं. दुसरा होता तसाच.

"पोरगी बरोबर आहे की," ते हसले. "जस्तापुढं लोखंडाचं काय चालणार? मीच उलटं सांगितलं. तू सांगू नकोस हां. उद्या मी सांगतो तिला."

म्हणून मी सांगितलं नाही. पण तुझी आई म्हणते, त्यांचं नाव निघालं की तू उठून आत जातेस. तेव्हा आता सांगते. ते रागावले नव्हते, ईरा. तुला फोन करायचा म्हणून खुशीत झोपले.

बरण्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहेत. त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्यात, एकीवर 'ईरा', दुसरीवर 'मी'. खिडकी पुसताना मी त्या उचलते आणि नावं आतल्या बाजूला, माझ्याकडे येतील अशा परत ठेवते.